सातवा दुधी

वेल माईंचा, कुंपण दोघींचं आणि ऊन आमच्या बाजूचं. मार्च संपता संपता माई स्वयंपाकघराच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत दुधीच्या बिया रुजत घालतात. व्हिक्टोरिया डेची सुट्टी झाली की रोपं अंगणात जातात. जूनभर "हलायचं नाव नाही बघ" म्हणून माई त्यांना बोल लावतात. जुलैत इथे कॅनडातल्या मिसिसागाला एकदाचा उकाडा सुरू झाला की तोच वेल सीडरच्या फळ्यांवर चढून सरळ आमच्याकडे उतरतो. माईंच्या अंगणावर मेपलची सावली आहे, त्यामुळे पानं तिकडे आणि दुधी इकडे.

पहिल्या वर्षी मी सगळे दुधी तोडून त्यांच्या दारात नेऊन ठेवले. माईंनी मोजले, सात भरले. त्यातला एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "ऊन तुझं ना? मग सातातला एक तुझा." तेव्हापासून हा ठराव पाळला जातोय.

२०२५ साली एका शनिवारी कढीपत्त्याची कुंडी आत घ्यावी म्हणून मी मागच्या अंगणात आले. सप्टेंबर अर्धा सरला की इथे रात्रीचा भरवसा नसतो. पलीकडून चपलांचा आवाज आला आणि पाठोपाठ माईंचं डोकं फळ्यांच्या वर उगवलं. त्यांनी तिकडे एक पालथं क्रेट ठेवलंय. गप्पांची बैठक लांबणार असेल तरच त्या त्यावर चढतात.

"मंडळाच्या गणपतीला का आली नाहीस?"

"धाकट्याला ताप होता, माई."

"मग पुष्कळ हुकलं तुझं. मोदक पुरले नाहीत, आरती लांबली आणि कोपऱ्यावरच्या वहिनी करातून कायमच्या सुटल्या."

"म्हणजे?"

"अगं, नाशिकचा फ्लॅट विकला ना त्यांनी. पैसे आले. जानेवारीतच टीएफएसए काठोकाठ भरला म्हणे, एक लाख दोन हजार डॉलर. आणि सगळे एकाच अमेरिकन कंपनीत. त्या कॉम्प्युटरच्या चिपा करतात ना, त्यातली एक. पंगतीत मला म्हणतात, 'माई, आता माझ्या पैशावर एक सेंट कर नाही. कुणाचाच नाही.' तेवढ्यात वरण वाढणारे गृहस्थ थांबले. म्हणाले, 'अमेरिकन शेअर टीएफएसएत ठेवणं बेकायदा आहे, वहिनी. नोटीस येईल.' झालं! वहिनींचा घास हातातच राहिला."

"आणि खरं काय?"

"दोघंही चुकले. पण वरण वाढणाऱ्याशी वाद घालू नये. पुढचं वाढप त्याच्याच हातात असतं."

माई सांगलीच्या. १९८९ साली दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन इथे उतरल्या आणि पुढची पंचवीस वर्षं एका कारखान्यात पगारपत्रकं केली. दुसऱ्याच्या पगारातून किती कापलं जातं हे इतकी वर्षं रोज लिहिल्यामुळे कपातीचा वास त्यांना लांबून येतो. माईंचे यजमान अण्णा निवृत्त झाल्यावर टॅब्लेटवर शेअर बघत बसतात. माई मात्र कागद बघतात.

मराठी मुलखातल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबायला हवं. कॅनडात पैसे करापासून जपून ठेवायची दोन मोठी खाती आहेत. एक आरआरएसपी, १९५७ पासून चालत आलेलं. मागच्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंत, वरच्या मर्यादेत राहून, त्यात घालायचे. तेवढ्या उत्पन्नावर आत्ता कर नाही. म्हातारपणी काढाल तेव्हा द्या. दुसरं टीएफएसए, २००९ पासूनचं. अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी २००८ च्या अर्थसंकल्पात ते आणलं. यात कर भरून उरलेले पैसे जातात, पण पुढे त्यांचं कितीही होवो, वाढीवरही कर नाही आणि काढतानाही नाही. पीपीएफचा मोकळाढाकळा चुलतभाऊ म्हणा ना. मुदत नाही, हवे तेव्हा काढा. फक्त दर वर्षी किती भरायचे ते सरकार ठरवतं. २०२५ साठी ते सात हजार होते. या भरायच्या जागेला सगळे 'रूम' म्हणतात. आमच्याकडे पाहुणे आले की हवापाण्यानंतर तिसरा विषय तुमची रूम किती उरली हाच.

"मग माई, अमेरिकन शेअर टीएफएसएत चालतात?"

"चालतात की. न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले असले की झालं. बेकायदा काही नाही त्यात. पण वहिनींचं 'कुणाचाच नाही' हे चूक. हा वेल बघ." त्यांनी एक पान धरून ओढलं. "माझ्या अंगणात मी कायदा केला, की दुधीवर कुणाचा हक्क नाही. अण्णांचा नाही, पोरांचा नाही. चालेल?"

"तुमच्या अंगणात तुम्ही म्हणाल ते."

"पण दुधी लटकतोय तुझ्या उन्हात. माझा कायदा तुला लागू?"

"नाही."

"तसंच आहे. टीएफएसएवर कर नाही हे ऑटवा म्हणतं. वॉशिंग्टननं कुठं म्हटलंय? अमेरिकन कंपनीनं डिव्हिडंड वाटला की तो सरहद्द ओलांडायच्या आधीच तिकडचं सरकार शंभरातले पंधरा कापून घेतं. तेही दोन देशांचा करार आहे म्हणून पंधरा. ब्रोकरकडे तो डब्ल्यू-एट-बेन फॉर्म भरलेला नसला तर तीस."

"सातातला एक," मी म्हटलं. शंभरातले पंधरा म्हणजे जवळपास तेवढंच की. माई गालात हसल्या. हा हिशेब त्यांनी पहिल्या वर्षीच मनात केलेला असणार, अशी मला आता शंका येते.

"साध्या खात्यात शेअर असते तर ते पंधरा टक्के इथल्या करातून वजा करून मागता आले असते," माई म्हणाल्या. "टीएफएसएत इथला करच नाही, मग वजा कशातून करणार? गेले ते गेले. मुलांच्या शिक्षणाच्या आरईएसपीतही तीच गत."

"पण आरआरएसपीत कापत नाहीत ना? माझ्या स्टेटमेंटमध्ये पूर्ण डिव्हिडंड दिसतो."

"तिथं मेहेरबानी आहे. १९८० चा दोन देशांचा करकरार आहे, त्यात निवृत्तीच्या पैशाला सूट दिलीय. आरआरएसपी म्हणजे पेन्शन, हे अमेरिकेला पटतं. टीएफएसए पेन्शन नाही. उद्या त्यातून काढून तू सोफा घेशील. शिवाय त्या कराराची शेवटची मोठी दुरुस्ती झाली २००७ साली आणि हे पोर जन्मलं २००९ ला. पत्रिकेत नावच नाही तर पान कोण वाढणार?"

त्यातही एक खोच आहे, ती अण्णांनी आतून ओरडून सांगितली. खिडकी उघडी होती. गप्पा बायकांच्या असल्या तरी शेअरचा विषय निघाला की त्यांना ऐकू यायला लागतं. अमेरिकन बाजारात नोंदलेला शेअर किंवा ईटीएफ थेट आरआरएसपीत घेतला तरच सूट. तेच अमेरिकन शेअर पोटात घेतलेला टोरांटोच्या बाजारातला ईटीएफ असेल, तर पंधरा टक्के फंडाच्या पातळीवरच कापले जातात आणि आपल्या स्टेटमेंटवर त्याची ओळही दिसत नाही. "आणि सूट फक्त अमेरिकेची!" अण्णा पुन्हा ओरडले. "न्यूयॉर्कला नोंदलेला इन्फोसिस घ्या. त्याच्या डिव्हिडंडवर भारत कापणार तो कापणारच, आरआरएसपी असो नाहीतर आणखी काही!" १९८१ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी, मिसिसागाच्या खात्यात, न्यूयॉर्कमार्गे. एका डिव्हिडंडच्या वाटेवर तीन देश.

वहिनींना हसायला मी लागले खरी, पण हसू पुरं होईना. कारण हाच पाठ मी उलट्या बाजूनं शिकले होते. २०१६ ला आलो तेव्हा पुण्यातले पैसे आम्ही एनआरई ठेवीत टाकले. बँकेनं सांगितलं, व्याजावर कर नाही. आम्ही निर्धास्त. तिसऱ्या वर्षी कर भरून देणाऱ्या बाईंनी विचारलं, भारतात काही ठेवी? मी अभिमानानं म्हटलं, आहेत ना, करमुक्त आहेत. त्या बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. ते व्याज भारतात करमुक्त, कॅनडात नाही. इथे राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. वर भाड्यानं दिलेला पुण्याचा फ्लॅट आणि ती ठेव मिळून परदेशातली मालमत्ता एक लाख डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे टी-११३५ नावाचा आणखी एक फॉर्म. तो चुकला तर दिवसाला पंचवीस डॉलर दंड, अडीच हजारांपर्यंत. गंमत अशी, की आरआरएसपीत किंवा टीएफएसएत कितीही अमेरिकन शेअर असू देत, ते या फॉर्मात धरत नाहीत. पुण्यातली ठेव मात्र धरतात.

"आणि आम्ही पुढेमागे परत गेलो तर?" मी विचारलं. दर कुटुंबात हा प्रश्न दिवाळीच्या सुमारास निघतो आणि संक्रांतीपर्यंत विरतो.

"टीएफएसए राहील. कॅनडा त्याला करमुक्तच म्हणेल. पण तू भारताची पुरती रहिवासी झालीस की भारत जगभरातलं उत्पन्न विचारणार. तिथं टीएफएसए म्हणजे चार इंग्रजी अक्षरं. करमाफीचं असंच असतं पोरी. ज्या देशानं दिली त्याच्याच उंबऱ्यापर्यंत ती चालते. सासरी माहेरचं कौतुक चालतं का?"

"मग वहिनींनी ते शेअर विकावेत का?"

माईंनी क्रेटवरून उतरून कात्री शोधली, परत चढल्या आणि एक पिवळं पान कापलं. विचार करायचा असला की त्या पानं काढतात.

"ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळतं का? आधी ढेकूण केवढा ते बघ. समज दहा हजार डॉलर अमेरिकेच्या सगळ्या बाजाराच्या एका ईटीएफमध्ये घातले. हल्ली त्यावर डिव्हिडंड शंभराला सव्वा डॉलरच्या आसपास. म्हणजे वर्षाला सव्वाशे. त्यातले पंधरा टक्के?"

"पावणेएकोणीस."

"अख्ख्या वर्षाचे. दहा हजारांवर. आणि शेअरची किंमत वाढली, विकून नफा झाला, तर त्या नफ्यावर परदेशी माणसाकडून अमेरिका साधारणपणे काही घेत नाही. वहिनींची ती चिपवाली कंपनी डिव्हिडंड देते तरी किती! चिमूटभर. त्यातले पंधरा टक्के म्हणजे चिमटीला लागलेलं पीठ. आता दुसरं सांग. त्यांनी कॅनडाच्या डॉलरचे अमेरिकन डॉलर केले कुठं?"

"ब्रोकरच्या खात्यात आपोआप होतात ना?"

"आपोआप!" माईंना या शब्दाचा राग आहे. पगारातून काही आपोआप कापलं जात नाही, कुणीतरी बसून कापतं, असं त्यांचं म्हणणं. "बऱ्याच ब्रोकरांकडे त्या अदलाबदलीत दीड टक्क्याच्या आसपास जातात. दहा हजारांवर दीडशे. म्हणजे पावणेएकोणीसच्या हिशेबानं आठ वर्षांचा अमेरिकन कर एका दिवसात देऊन मोकळी! परत आणताना पुन्हा दीडशे. आणि त्याची पावती दीडशे म्हणून येत नाही. भावातच मुरवलेली असते. पंगतीत पंधरा टक्क्यांवर सगळे भांडले, या दीड टक्क्यावर एकानंही तोंड उघडलं नाही."

याला इथल्या हिशेबी लोकांनी एक तोड काढली आहे. तिला 'नॉर्बर्टचा डाव' म्हणतात. ब्रिटिश कोलंबियातले गुंतवणूक सल्लागार नॉर्बर्ट श्लेंकर यांच्यावरून हे नाव पडलं. टोरांटोच्या बाजारात डीएलआर नावाचा एक फंड आहे, त्याच्या पोटात नुसते अमेरिकन डॉलर. तो कॅनडाच्या डॉलरनं विकत घ्यायचा, ब्रोकरला सांगून त्याच्या अमेरिकन डॉलरवाल्या जुळ्या भावात बदलून घ्यायचा आणि विकायचा. दोन-चार दिवस जातात, थोडं कमिशन पडतं, पण मोठ्या रकमेला दीड टक्का वाचतो. अण्णांनी हा डाव पहिल्यांदा केला तेव्हा तीन दिवस ते जेवताना बोलत नव्हते. चौथ्या दिवशी डॉलर खात्यात दिसले आणि त्यांनी श्रीखंड आणलं. श्रीखंडाचे पैसे वजा जाता किती वाचले, हे माई अजून विचारतात.

"एवढ्या भानगडी करण्यापेक्षा कॅनडाचेच शेअर घेऊन गप्प बसावं," मी म्हटलं. "पंधरा टक्के नाहीत, दीड टक्का नाही."

"तसं आम्ही बसलो होतो. बसावंच लागायचं. आम्ही आलो तेव्हा आरआरएसपीत परदेशी माल दहा टक्क्यांच्या वर ठेवता यायचा नाही. पुढं वाढवत वाढवत १९९४ पर्यंत वीस, २००१ ला तीस, आणि २००५ साली बंधनच काढलं. आज तुम्ही पोरं फोनवर बोट फिरवून न्यूयॉर्क विकत घेता. तेव्हा सरकार म्हणायचं, सूट आमची तर पैसाही इथंच राहू दे."

"मग त्यात वाईट काय?"

"नॉर्टेल." माई एवढंच म्हणाल्या. आतली खिडकीसुद्धा गप्प झाली.

नॉर्टेलची मुख्य कचेरी आमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये होती. २००० सालच्या उन्हाळ्यात तिचा शेअर १२४ डॉलरपर्यंत गेला आणि टोरांटोच्या निर्देशांकातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा त्या एका कंपनीचा झाला. निर्देशांक घेतला म्हणजे सगळा देश घेतला, असं समजून बसलेल्या लोकांच्या रुपयातले पाच आण्यांहून जास्त एकाच दुकानात होते. दोन वर्षांत तो भाव डॉलरच्याही खाली आला. जानेवारी २००९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं.

"आम्ही वाचलो ते शहाणपणानं नाही," माई म्हणाल्या. "त्या वर्षी छप्पर गळत होतं. पैसे शेअरला लावायचे की छपराला, यावर पंधरा दिवस अबोला होता. छप्पर जिंकलं. जगाच्या शेअर बाजारात कॅनडा केवढा? शंभरात तीनच्या आसपास. त्यात बँका, तेल आणि खाणी. औषधं, कॉम्प्युटर हे बघायचं तर कुंपणापलीकडे हात घालावाच लागतो. पंधरा टक्के हे त्या हाताचं भाडं समजायचं. पण नॉर्टेलपासून शिकून वहिनींनी केलं काय? देश बदलला आणि कंपनी एकच ठेवली!"

हे मात्र मला नीट कळत होतं. टीएफएसएत बुडालेल्या पैशाचं दुःख दुप्पट असतं. साध्या खात्यात तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा करता येतो. टीएफएसएत नफ्यावर कर नाही तसा तोट्याचा उपयोगही नाही. शिवाय बुडाले तेवढ्यांची रूमही गेली. काढलेल्या पैशांची जागा पुढच्या जानेवारीत परत मिळते, बुडालेल्यांची मिळत नाही.

"माझंही सांगा तिला!" खिडकी पुन्हा बोलू लागली. अण्णा रोज तीन-चार वेळा घे-वीक करतात आणि माईंना ती धास्ती आहे. २०२३ साली इथल्या कर न्यायालयात व्हँकूवरच्या एका सल्लागाराच्या टीएफएसएचा निकाल लागला होता. पंधरा हजार भरून खाणींच्या बारक्या शेअरची सारखी उलाढाल करत त्यानं पाच वर्षांच्या आत साडेपाच लाखांच्या वर नेले. न्यायालय म्हणालं, ही बचत नव्हे, हा धंदा, आणि टीएफएसएत धंदा केला तर त्यावर कर लागतो. माईंनी ते कात्रण फ्रिजवर लावून ठेवलंय.

"तुमचे अजून पंधराचे सोळा झाले नाहीत," माई खिडकीकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला कुठलं न्यायालय बोलावतंय!"

बोलता बोलता ऊन आमच्या शेडवर गेलं. मी दुधी तोडायला घेतले. यंदाही सातच. सहा कुंपणावरून पलीकडे दिले आणि सातवा गवतावर ठेवला. मग सहज म्हणून माझी जुनी फजिती सांगितली. चार वर्षांपूर्वी गाडीसाठी मी टीएफएसएतून आठ हजार काढले होते आणि ऑक्टोबरात बोनस आला म्हणून परत भरले. आपलेच पैसे, आपलंच खातं. पुढच्या उन्हाळ्यात करखात्याचं पाकीट आलं. काढलेल्याची जागा त्याच वर्षी परत मिळत नाही, जानेवारी उजाडावा लागतो. जास्तीच्या रकमेवर महिन्याला एक टक्का. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. दोनशे चाळीस डॉलर.

"तुझी रूम आहे तरी किती?" माईंनी विचारलं.

"आम्ही २०१६ ला आलो ना. त्या वर्षापासून धरून एकसष्ट हजार. तुमच्यासारखी २००९ पासूनची थोडीच..."

माझं वाक्य तिथंच अडकलं. माईंनी हातातला दुधी खाली ठेवला.

"एक लाख दोन हजार हा आकडा कुणाचा?" मी विचारलं.

"आमचा," माई म्हणाल्या. "जे २००९ ला इथं होते आणि तेव्हा अठराच्या वर होते, त्यांचा. पेपरात तोच छापून येतो."

"वहिनी कधी आल्या?"

"२०२१. दिवाळीत. आपणच फराळ नेऊन दिला होता."

आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बोटांवर मोजू लागलो. दिवाळीत आल्या तरी त्या वर्षाची रूम पूर्ण मिळते, म्हणून २०२१ चे सहा हजार. २०२२ चे सहा. २०२३ चे साडेसहा. मग सात आणि सात. साडेबत्तीस हजार. भरले एक लाख दोन. जास्तीचे साडेएकोणसत्तर हजार. महिन्याला एक टक्का.

"सहाशे पंच्याण्णव," माई म्हणाल्या. पंचवीस वर्षं पगारपत्रकं केलेल्या बाईला कागद लागत नाही. "जानेवारीपासून सप्टेंबर, नऊ महिने. सहा हजारांच्या वर गेले गं. आणि पाकीट यायचंय अजून."

पंगतीत सगळा गाव अमेरिकेच्या चिमूटभर कपातीवर भांडला आणि इकडे घरच्याच सरकारचं मीटर महिन्याला सातशेच्या गतीनं चाललं होतं. वहिनींचा आवाज मला ऐकू येत होता. कर नाही, कुणाचाच नाही.

"आता काय करायचं?"

"करायचं काय, आज सांगायचं. सोमवारी जास्तीचे काढून घेतले की पुढचं मीटर थांबेल. चूक अजाणता झाली आणि कळल्याबरोबर निस्तरली असं पत्र लिहिलं तर करखातं दंड माफ करू शकतं. करेलच असं नाही. पण पाकीट यायच्या आधी लिहिलेलं पत्र बरं दिसतं."

"आणि ते पंधरा टक्के? तो मेल्यावरचा अमेरिकेचा फॉर्म?" साठ हजार अमेरिकन डॉलरच्या वर तिकडचे शेअर सोडून माणूस गेला की वारसांना अमेरिकेकडे एक रिटर्न भरावा लागतो. करारामुळे साध्यासुध्या माणसाला सहसा कर पडत नाही, पण कागद चुकत नाही. हेही मला माईंनीच मागे सांगितलं होतं.

"जिवंत माणसाला एका दिवशी एकच वाईट बातमी सांगावी," माई म्हणाल्या आणि क्रेटवरून उतरल्या. मग पुन्हा त्यांचं डोकं वर आलं. "तूही चल. मी एकटी गेले तर म्हणतील, म्हातारी जळते. तुझी दोनशे चाळीसची गोष्ट आधी तू सांग. दुसऱ्याची फजिती ऐकली की आपली पचते."

मी चपला घालायला वळले.

"आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. तो सातवा घे."

"माई, तो माझा आहे. ठराव आहे आपला."

"यंदा अमेरिकेनं माफ केला म्हण," माई म्हणाल्या आणि मेपलखालून फाटकाकडे चालू लागल्या.